नवा ड्रायव्हर टाकला तरी जुनाच परत येतो: कारण कुठे शोधायचं आणि कायमचं कसं थांबवायचं

प्रिंटर असो, वायफाय असो, लॅपटॉपचा आवाज असो नाहीतर दुकानाच्या काउंटरवरचा वजनकाटा, तक्रार एकच असते. नवा ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकला, उपकरण सुरळीत चाललं, आणि आठवड्याभरात येरे माझ्या मागल्या. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी, उघडून बघावं तर तोच जुना ड्रायव्हर आणि तीच पिवळी खूण. मग पुन्हा सेटअप चालवायचा आणि पुन्हा वाट बघायची.

परळ-लालबाग पट्ट्यात दुकानांचे आणि सोसायटी ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मी करतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, त्याच्या आगेमागे सगळ्यांनी विंडोज ११वर जायची घाई केली, आणि तेव्हापासून हा प्रश्न फारच वाढलाय. बहुतेक ठिकाणी यावर फॉरमॅट मारला जातो. फॉरमॅटने दिवस मोडतो, टॅलीचा डेटा इकडचा तिकडे होतो, मराठी टायपिंगची सेटिंग पुन्हा करावी लागतात, आणि महिन्याभराने जुना ड्रायव्हर पुन्हा हजर. कारण फॉरमॅटने मूळ कारण जात नाही. जुना ड्रायव्हर नेमका कुठून परत येतो ते शोधून ती वाट बंद करावी लागते. ते कसं करायचं, एवढंच इथे सांगायचंय. मी विंडोज १० आणि ११ धरून लिहितोय. आज्ञा आणि बटणांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

जुना ड्रायव्हर राहतो कुठे

डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला की तो गेला, असं आपण धरून चालतो. तो गेलेला नसतो. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक ड्रायव्हरची पूर्ण प्रत 'ड्रायव्हर स्टोअर' नावाच्या जागी ठेवली जाते. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, आणि त्याच्या आत फाइलरिपॉझिटरी. ही जागा चाळीतल्या खोलीच्या माळ्यासारखी आहे. एकदा वर गेलेलं सामान कुणी मुद्दाम शिडी लावून उतरवेपर्यंत तिथेच पडून असतं. तुम्ही उपकरण अनइन्स्टॉल केलं, मशीन रीस्टार्ट केलं, की विंडोज त्या उपकरणाला नव्याने ओळखते, स्टोअरमध्ये बघते आणि तिथे सापडलेला ड्रायव्हर परत बसवते. इंटरनेट बंद असलं तरी हे होतं.

आता स्टोअरमध्ये एकाच उपकरणाचे दोन-तीन ड्रायव्हर असले तर विंडोज कुठला उचलते? लोकांना वाटतं, सगळ्यात नवा. तसं नाही. आधी डिजिटल सही, म्हणजे ड्रायव्हर खात्रीच्या ठिकाणचा आहे याची खूण, बघितली जाते, मग तो ड्रायव्हर या उपकरणाशी किती नेमका जुळतो ते, आणि या दोन्हींत बरोबरी झाली तरच तारीख. तारीखही सारखी निघाली तर आवृत्तीचा आकडा. म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या मॉडेलसाठी खास बनवलेला २०१९चा ड्रायव्हर आणि चिप बनवणाऱ्या कंपनीचा २०२४चा सर्वसाधारण ड्रायव्हर, दोन्ही स्टोअरमध्ये असतील तर विंडोज २०१९चा उचलू शकते. तिच्या हिशेबात 'नेमका' हा 'नवा'पेक्षा वरचढ. 'अपडेट ड्रायव्हर' दाबल्यावर सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला असल्याचं उत्तर येतं आणि माणूस चक्रावतो, ते यामुळेच.

आधी खात्री करा की तो खरंच जुना आहे

हा भाग घाईत सोडू नका, कारण इथेच अनेकांचे पैसे जातात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरची तारीख २१ जून २००६ दिसते आणि माणूस घाबरतो. इतका जुना ड्रायव्हर! मग कुठलंतरी ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअर उतरवलं जातं, ते लाल अक्षरांत पन्नास ड्रायव्हर कालबाह्य असल्याचं सांगतं आणि कार्डाचा नंबर मागतं.

ती तारीख मायक्रोसॉफ्टने मुद्दाम ठेवलेली आहे. विंडोजसोबत येणाऱ्या स्वतःच्या ड्रायव्हरांना ती २१ जून २००६ हीच तारीख देते, मग ते गेल्या महिन्यात बदललेले का असेनात. हेतू असा की उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आला तर तारखेच्या तुलनेत तोच जिंकावा. इंटेलच्या चिपसेट ड्रायव्हरवर तर १८ जुलै १९६८ अशी तारीख दिसते. तो इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस. कारण तेच. या तारखा दिसल्या तर त्या उपकरणाला हात लावायची गरज नाही. आवृत्तीचा आकडा बघा, तो खरं सांगतो.

आकड्यातही एक गफलत होते, विशेषतः ग्राफिक कार्डाच्या बाबतीत. एन्व्हिडियाच्या साइटवरून ५३६.९९ आवृत्ती उतरवून बसवली तरी डिव्हाइस मॅनेजर ३१.०.१५.३६९९ दाखवतो. शेवटचे पाच अंक वाचा: ५, ३, ६, ९, ९. तीच आवृत्ती आहे. हे माहीत नसलं की माणूस बसलेलाच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवत राहतो.

आणि खरंच बिघाड ड्रायव्हरचाच आहे का, हेही तपासा. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत यूएसबी पोर्टांच्या आणि केबलींच्या पिना गंजतात. पावसाळ्यात समुद्राच्या जवळच्या इमारतींमध्ये तर हे हमखास होतं. पिना खराब झाल्या की उपकरण मध्येच गायब होतं, परत येतं, आणि विंडोजला वाटतं दर वेळी नवीन काहीतरी लावलंय. उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह करून मशीन त्याच्यावरून चालू करा, इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघा. तिथेही तेच उपकरण धड चालत नसेल तर विंडोजचा ड्रायव्हर बदलून बहुधा काही होणार नाही. तिथे ते व्यवस्थित चाललं तर मात्र रोग ड्रायव्हरमध्येच आहे असं समजून पुढे चला.

पिवळ्या खुणेवर डबल क्लिक केलं की एक कोड दिसतो, तोही वाचत जा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. चुकीचा किंवा न जुळणारा ड्रायव्हर असला की बहुधा हाच येतो. कोड ५२ सहीचा. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवलाय, तेव्हा आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा.

बॉक्सवरचं नाव सोडा, हार्डवेअर आयडी बघा

एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये वायफायची चिप दोन वेगवेगळ्या कंपन्यांची असू शकते. म्हणून मॉडेल नंबर सर्चमध्ये टाकून जो पहिला ड्रायव्हर मिळेल तो उतरवू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे 'व्हेन' या अक्षरांपुढे चार खुणांचा कोड असतो, तो चिपच्या कंपनीचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एन्व्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रिअलटेक. यूएसबी उपकरणाला 'व्हीआयडी' (कंपनीचा) आणि 'पीआयडी' (उत्पादनाचा) असे दोन कोड असतात. हे कोड कागदावर लिहून घ्या, पुढे लागणार आहेत.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तिथे नसेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून. तिसरी जागा नको. आणखी एक: विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते, आणि ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. विंडोज ७च्या ३२-बिट मशीनवर वर्षानुवर्षं चाललेला स्कॅनर विंडोज ११वर गप्प का बसतो, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. कंपनीने ६४-बिट ड्रायव्हर काढलाच नसेल तर त्या स्कॅनरसाठी जुनं मशीन इंटरनेटशिवाय वेगळं ठेवणं हाच मार्ग.

जुना मुळासकट काढणं

नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. वायफायचाच ड्रायव्हर काढायचा असेल तर हे विसरून चालणार नाही, कारण काढल्यावर इंटरनेट जाईल. तशी वेळ आलीच तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. एक रिस्टोअर पॉइंटही करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत परत नेता येईल.

मग मशीनचं इंटरनेट तोडा. लॅनची वायर काढा किंवा एअरप्लेन मोड लावा. हे महत्त्वाचं आहे, कारण जुना ड्रायव्हर काढल्यानंतर आणि नवा टाकायच्या आत विंडोज अपडेट मध्ये घुसून स्वतःला हवा तो ड्रायव्हर बसवून मोकळी होते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' घ्या. जी छोटी खिडकी येते तिच्यात एक चौकट असते. विंडोज १०वर तिच्यापुढे 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर फॉर धिस डिव्हाइस' असं लिहिलेलं असतं, विंडोज ११वर 'अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर फॉर धिस डिव्हाइस'. ही चौकट टिक केल्याशिवाय पुढे जाऊ नका. टिक न करता केलेलं अनइन्स्टॉल म्हणजे ड्रायव्हर स्टोअरमध्ये तसाच. ती चौकट दिसतच नसेल तर सध्या चालू असलेला ड्रायव्हर विंडोजचा स्वतःचा आहे, तो काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही.

एकदा काढल्यावर 'ॲक्शन' मेनूतून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करा. पुन्हा कुठला ड्रायव्हर बसला? त्याच कंपनीचा आणखी जुना? मग स्टोअरमध्ये दुसरी प्रत होती. ती पण तशीच काढा. मात्र हे एकेक करत बसण्यापेक्षा मला सरळ यादी बघून काढणं जास्त पटतं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि लिहा:

पीएनपीयूटिल /ईनम-ड्रायव्हर्स

स्टोअरमधल्या बाहेरच्या कंपन्यांच्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी येईल. प्रत्येकाला दोन नावं असतात. एक मूळ नाव, कंपनीने दिलेलं. दुसरं 'पब्लिश्ड नेम', जे विंडोजने दिलेलं असतं: ओईएम१२.आयएनएफ, ओईएम३७.आयएनएफ अशा थाटाचं. खाली कंपनीचं नाव, उपकरणाचा प्रकार, मग तारीख आणि आवृत्ती. तारीख वाचताना सांभाळा, ती अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस अशी असते. ०३/०७ म्हणजे ७ मार्च, ३ जुलै नव्हे. एकाच मूळ नावाचे दोन किंवा तीन ड्रायव्हर वेगवेगळ्या ओईएम नंबरांखाली दिसले की समजा, परत येणारा भिडू सापडला. यादी लांबलचक असते, तेव्हा शेवटी '> डी:\यादी.टीएक्सटी' जोडून ती फाइलमध्ये घ्या आणि निवांत शोधा.

जो नको तो असा काढा, नंबर तुमच्या यादीतला घालून:

पीएनपीयूटिल /डिलीट-ड्रायव्हर ओईएम१२.आयएनएफ /अनइन्स्टॉल

वापरात असल्याचं सांगून नकार आला तर शेवटी '/फोर्स' जोडता येतं, पण ते स्टोरेजच्या आणि चिपसेटच्या ड्रायव्हरला कधीही करू नका. हार्डडिस्कचा ड्रायव्हर जबरदस्तीने उडवला तर मशीन चालूच होणार नाही.

मग नवा ड्रायव्हर बसवा. सेटअप फाइल असेल तर ती चालवा. सेटअप म्हणत असेल की यापेक्षा चांगला आधीच आहे, किंवा सेटअपशिवाय नुसत्या आयएनएफ फाइली (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणाऱ्या) मिळाल्या असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक', मग 'हॅव डिस्क', आणि त्या फोल्डरकडे बोट दाखवा. या वाटेने गेलं की क्रमवारी बाजूला राहते आणि तुम्ही निवडलेलाच ड्रायव्हर बसतो.

बसवून झाल्यावर मशीन 'रीस्टार्ट' करा, शट डाउन करून पुन्हा चालू नका करू. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असताना शट डाउन केलं तर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, ड्रायव्हरसकट. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही, सगळं पहिल्यापासून लोड होतं. शट डाउनच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून करा.

कोण परत आणतंय, ते लिहिलेलं असतं

इतकं करूनही पुन्हा जुना आला तर अंदाज बांधत बसू नका. विंडोज प्रत्येक ड्रायव्हर बसवल्याची नोंद एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये करते. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात आयएनएफ फोल्डर, त्यात 'सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग'. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सगळ्यात उपयोगी फाइल हीच आहे, आणि ती उघडून बघणारी माणसं फार कमी.

नोटपॅडमध्ये उघडा, सगळ्यात खाली जा आणि तिथून वरच्या दिशेने तुमच्या उपकरणाचा आयडी शोधा, जो तुम्ही कागदावर लिहून ठेवलात तो. प्रत्येक नोंद तीन बाणांच्या खुणेने सुरू होते, पुढे 'सेक्शन स्टार्ट' आणि नेमकी तारीख-वेळ असते. थोडं खाली 'सीएमडी' असं लिहिलेली ओळ असते, आणि ड्रायव्हर कुणी बसवला ते तिच्यात सापडतं. तिथे 'डब्ल्यूयूएयू' अक्षरांनी सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव असेल तर काम विंडोज अपडेटचं. लॅपटॉपच्या कंपनीच्या एखाद्या असिस्टंट किंवा अपडेट प्रोग्रॅमचं नाव असेल तर चोर घरातच आहे, तो प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा किंवा त्याचं आपोआप अपडेट बंद करा. आणि शीर्षकातच 'हार्डवेअर इनिशिएटेड' असेल तर उपकरण नव्याने जोडलं गेलं आणि स्टोअरमधलाच ड्रायव्हर उचलला गेला. म्हणजे स्टोअर अजून पूर्ण साफ झालेलं नाही.

वेळ नक्की बघा. नोंदीची वेळ पहाटेची असेल आणि मशीन रात्रभर चालू राहत असेल, तर अपडेटवर संशय घ्यायला जागा आहे. दुपारी दुकान उघडल्याची वेळ असेल तर कुणीतरी केबल काढून लावली असणार.

विंडोज अपडेटला ड्रायव्हर आणण्यापासून रोखणं

विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर काम सोपं. ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायची खिडकी, उघडा (विंडोज की आणि आर दाबून येणाऱ्या रनमध्ये जीपीएडिट.एमएससी), कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, विंडोज अपडेट. तिथे 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' चालू करा. विंडोज ११वर हीच ओळ आतल्या 'मॅनेज अपडेट्स ऑफर्ड फ्रॉम विंडोज अपडेट' या फोल्डरमध्ये आहे. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. कंट्रोल पॅनेलमध्ये 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' आहे, त्यात 'नो' निवडता येतं, पण एवढ्यावर विसंबून राहू नका.

या पॉलिसीने सगळ्याच उपकरणांचे ड्रायव्हर अपडेटमधून येणं थांबतं, चांगले आणि सुरक्षेचे सुद्धा. म्हणून ती लावलीत तर अधूनमधून कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतः बघायची जबाबदारी तुमची. एकाच उपकरणाचा त्रास असेल तर त्या एकालाच रोखणं बरं. त्याच एडिटरमध्ये सिस्टिम, डिव्हाइस इन्स्टॉलेशन, डिव्हाइस इन्स्टॉलेशन रिस्ट्रिक्शन्स असा विभाग आहे. त्यात 'प्रिव्हेंट इन्स्टॉलेशन ऑफ डिव्हाइसेस दॅट मॅच एनी ऑफ धीज डिव्हाइस आयडीज' उघडून हार्डवेअर आयडी टाका. 'ऑल्सो अप्लाय टू मॅचिंग डिव्हाइसेस दॅट आर ऑलरेडी इन्स्टॉल्ड' ही चौकट मात्र रिकामी ठेवा, नाहीतर चालू असलेलं उपकरणही बंद पडेल. आणि पुढे कधी ड्रायव्हर बदलायचा झाला तर आधी ही पॉलिसी काढा, कारण ती तुम्हालाही अडवते.

उलटा प्रकार: जुनाच हवा असतो आणि नवा येऊन बसतो

लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मेमध्ये पाय ठेवायला जागा नसते. वर्षाचा मसाला करायला बायका येतात. बेडगी, संकेश्वरी, लवंगी मोजून घ्यायची असते, आणि काट्यावरचं वजन बिलिंगच्या कॉम्प्युटरवर आपोआप येत नसेल तर रांग दारापर्यंत जाते. काट्यामागे नऊ पिनांचं जुनं सीरियल पोर्ट, कॉम्प्युटरला यूएसबी, आणि मध्ये एक रूपांतर करणारी केबल. सगळी अडचण त्या केबलमधल्या चिपमध्ये असते.

अशा केबलींमध्ये प्रोलिफिकची पीएल२३०३ ही चिप वर्षानुवर्षं वापरली गेली. हार्डवेअर आयडीत व्हीआयडी ०६७बी, पीआयडी २३०३ दिसतं. तिची एचएक्सए ही जुनी जात कंपनीने २०१२मध्ये बंद केली आणि नवे ड्रायव्हर तिला चालवत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागी सरळ इंग्रजीत येतं की ही चिप २०१२पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. २००८चा ३.३.२.१०५ हा जुना ड्रायव्हर टाकला की बऱ्याच ठिकाणी तीच केबल पुन्हा चालते. पण नव्याची तारीख पुढची, त्यामुळे संधी मिळाली की विंडोज तोच बसवते. इथे वरची सगळी कृती उलट्या दिशेने करायची: स्टोअरमधून नव्या प्रती काढायच्या (मूळ नाव एसईआर२पीएल.आयएनएफ शोधा), जुना बसवायचा, आणि हार्डवेअर आयडीची पॉलिसी लावायची.

एवढ्यावर भागलं असं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून काकूंचा फोन येतो, "अरे बाळा, कालच नीट करून गेलास ना? वजन परत दिसेना."

"काकू, केबल कुठून काढून दुसरीकडे लावली का?"

"लादी पुसताना निघाली होती रे. मग मी समोरच लावली, मागे हात पोचत नाही."

मागच्या पोर्टातली केबल समोरच्या पोर्टात गेली, एवढंच झालेलं असतं. ज्या यूएसबी उपकरणाला स्वतःचा सीरियल नंबर नसतो, त्याला विंडोज पोर्टावरून ओळखते. पोर्ट बदललं की तिच्या लेखी ते नवीन उपकरण. मग दोनपैकी एक होतं. आयडीची पॉलिसी लावलेली असेल तर नवं उपकरण म्हणून त्याला ड्रायव्हरच मिळत नाही. पॉलिसी नसेल तर ड्रायव्हर मिळतो, पण कॉम पोर्टचा नंबर, म्हणजे विंडोजने त्या सीरियल जोडणीला दिलेला क्रमांक, बदलतो. काल कॉम३ होता, आज कॉम५. बिलिंगचं सॉफ्टवेअर कॉम३वर कान लावून बसलेलं असतं. ड्रायव्हर परत बिघडला असं वाटतं, पण ड्रायव्हर जागच्या जागी असतो. केबल जुन्या जागी लावा आणि त्या पोर्टावर रंगीत टेप चिकटवा. समोरचंच पोर्ट सोयीचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, आणि कॉम नंबर ३ करून घ्या. तो नंबर वापरात असल्याचं आलं तर 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हाइसेस' चालू करा. फिकट दिसणारी जुनी नावं, म्हणजे आता न जोडलेली उपकरणं, काढून टाकली की नंबर मोकळा होतो.

तरीही माझं स्पष्ट मत सांगतो. २००८चा ड्रायव्हर आजच्या विंडोजवर जबरदस्तीने चालवणं हा सीझन पार पाडण्यापुरता उपाय आहे. गर्दी ओसरली की लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा आणि नवी केबल घ्या. घेताना लांबी आणि रंग नंतर बघा, आधी चिप कुठली ते विचारा. एफटीडीआयची चिप असलेली मिळाली तर उत्तम, सीएच३४० असली तरी चालेल. दोन्हींचे आजचे ड्रायव्हर मिळतात. दुकानदाराला चिप सांगता येत नसेल तर लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच लावून हार्डवेअर आयडी बघा. एफटीडीआयचा व्हीआयडी ०४०३, सीएच३४०चा १ए८६.

बाकीच्या उपकरणांबद्दल थोडक्यात

प्रिंटरच्या बाबतीत जुना ड्रायव्हर परत येण्याचं कारण बहुतेक वेळा प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग, असतो. प्रिंटर यादीतून काढला तरी त्याचा ड्रायव्हर स्पूलरकडे राहतो. रनमध्ये 'प्रिंटयूआय /एस /टी२' लिहा, ड्रायव्हरांची यादी असलेली खिडकी उघडेल, तिथून ड्रायव्हर आणि पॅकेज दोन्ही काढा. अडकला तर सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर थांबवून चालू करा आणि लगेच काढा. यादीत त्याच प्रिंटरपुढे 'कॉपी १' दिसत असेल तर वर सांगितलेलीच पोर्ट बदलल्याची गोष्ट आहे.

ग्राफिक कार्डासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे लोक ज्याला डीडीयू म्हणतात, ते सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालू करून), इंटरनेट तोडून चालवा. पण कार्डच जुनं असेल तर नव्याचा हट्ट धरू नका. एन्व्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी गेम रेडी ड्रायव्हर २०२१मध्येच थांबले. त्यांच्यासाठी सगळ्यात नवा ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाला चालणारा शेवटचा.

विंडोज ११वर आणखी एक गोष्ट भेटते. विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनखाली 'मेमरी इंटिग्रिटी' आहे, ती जुन्या पद्धतीने लिहिलेले ड्रायव्हर चालू देत नाही. ती चालू करायला गेलात आणि न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी आली तर त्यात ओईएमचे तेच नंबर दिसतात. बऱ्याचदा ते कधीकाळी लावलेल्या आणि आता घरात नसलेल्या उपकरणाचे असतात. पीएनपीयूटिलने काढून टाका. जुनं उपकरण चालावं म्हणून ही सुरक्षा कायमची बंद ठेवू नका, विशेषतः ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे.

सगळं मनासारखं चालायला लागलं की त्याच दिवशी एक काम करा. डी ड्राइव्हवर 'ड्रायव्हर्स' नावाचं फोल्डर करा आणि लिहा:

पीएनपीयूटिल /एक्सपोर्ट-ड्रायव्हर * डी:\ड्रायव्हर्स

स्टोअरमधले बाहेरच्या कंपन्यांचे सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये उतरतील. ते पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. उद्या डिस्क गेली किंवा विंडोज नव्याने टाकावी लागली तर इंटरनेटशिवाय एका आज्ञेत सगळे परत बसतात:

पीएनपीयूटिल /ॲड-ड्रायव्हर डी:\ड्रायव्हर्स\*.आयएनएफ /सबडिर्स /इन्स्टॉल

हे एक्सपोर्ट स्टोअर साफ केल्यानंतरच करायचं. आधी केलंत तर जुने ड्रायव्हरही त्या पेनड्राइव्हवर जातील आणि नव्या विंडोजमध्ये तुमच्याच हाताने पुन्हा बसवले जातील.